दिवा कुणाचं ऐकतो?

मिडी कंट्रोलर विकत घ्यायला गेलं की दुकानदार आधी त्याची केबल जोडून दाखवतो. सगळी बटणं एकदम उजळतात, रंग आडवे-उभे पळतात, आणि गिऱ्हाइकाचा निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. पण ती रोषणाई यंत्राच्या पोटातलीच असते. तुम्ही घरी ज्या सॉफ्टवेअरवर गाणं रचता किंवा मिक्स करता, त्याच्याशी तिचा काडीचा संबंध नसतो. दिवे आहेत का, हा प्रश्न गौण आहे. ते दिवे कुणाच्या सांगण्यावरून लागतात, हे आधी विचारा.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. कंट्रोलरवरचा एक नॉब सॉफ्टवेअरमधल्या एखाद्या ट्रॅकच्या आवाजाला जोडा. मग कंट्रोलरला हात न लावता तोच आवाज माउसने कमी-जास्त करा. नॉबभोवतीचे दिवे त्याबरोबर सरकले, तर सॉफ्टवेअर कंट्रोलरशी बोलतंय. जागचे हलले नाहीत, तर ते दिवे फक्त तुमच्या बोटाने शेवटचं काय केलं तेवढंच सांगतायत. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण वीस-पंचवीस ट्रॅकच्या कामात पहिल्याच तासाला जाणवतो.

हे असं का होतं ते थोडक्यात. मिडी, म्हणजे वाद्यांची एकमेकांना निरोप द्यायची भाषा, १९८३ साली बाजारात आली तेव्हा एका कंपनीच्या कीबोर्डने दुसऱ्या कंपनीचा सिंथेसायझर वाजावा एवढीच गरज होती. मिडीची पाच पिनांची केबल एकाच दिशेने निरोप नेते. उलट निरोप हवा असेल तर आउटपासून इनपर्यंत दुसरी केबल ओढावी लागते. यूएसबीमुळे दोन्ही वाटा एकाच वायरीत आल्या, पण मूळ रचना तीच राहिली. नॉब फिरवल्यावर जाणारा निरोप वेगळा आणि दिवा लावायला येणारा निरोप वेगळा. हा दुसरा निरोप कुणीतरी मुद्दाम पाठवावा लागतो, आणि तो पाठवण्याचं काम तुमच्या सॉफ्टवेअरचं असतं. म्हणून नुसत्या कंट्रोलरची परीक्षणं वाचून भागत नाही. तोच कंट्रोलर एका सॉफ्टवेअरबरोबर शहाण्यासारखा वागतो आणि दुसऱ्याबरोबर ठार मुका होतो.

आता नॉबकडे वळू. सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. नॉब दोन जातीचे असतात. एक जात दोन्ही टोकांना अडते, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखी. दुसरी कितीही फिरवली तरी फिरतच राहते. तिला एन्कोडर म्हणतात. अडणारा नॉब स्वतःच्या जागेवरून किंमत सांगतो, त्यामुळे त्याला दिव्यांची गरज नाही असं वाटतं. एकाच वाद्याला कायमचा जोडला असेल तर ते खरंही आहे. पण त्याच आठ नॉबांनी आधी गायकाचा ट्रॅक आणि मग हार्मोनियमचा ट्रॅक हाताळायचा असेल तर गडबड सुरू होते. नॉब गायकाच्या किमतीवर उभा असतो आणि हार्मोनियमची किंमत भलतीकडेच असते. नॉबला जरा धक्का लागला की आवाज एकदम उडी मारतो. सॉफ्टवेअरवाल्यांनी यावर तोडगे काढलेत. एबलटन लाइव्हमध्ये 'पिक-अप' निवडलं तर नॉब फिरत फिरत खऱ्या किमतीला भिडेपर्यंत काहीच बदलत नाही. 'व्हॅल्यू स्केलिंग' निवडलं तर दोघं हळूहळू एकमेकांजवळ येतात. दोन्ही उपाय चालतात, पण रंगात आलेल्या कामात नॉब फिरवूनही काही होत नाही, हा अनुभव वैतागवाणा असतो.

एन्कोडरला स्वतःची जागाच नसते. तो फक्त 'थोडं उजवीकडे' किंवा 'थोडं डावीकडे' एवढंच सांगतो. म्हणूनच त्याच्याभोवतीचा दिव्यांचा गोल ही चैन नाही, गरज आहे. गोल नसेल आणि पडदाही नसेल तर एन्कोडर आंधळा. डीजे टेकटूल्सचा मिडी फायटर ट्विस्टर हे या जातीचं सुटसुटीत उदाहरण. सोळा एन्कोडर, प्रत्येकाभोवती दिव्यांचा गोल, खाली रंग बदलणारा दिवा आणि चार बँका, म्हणजे नॉबांची चार पानं, मिळून चौसष्ट नॉब. बेरिंगरचा एक्स-टच मिनी त्याहून स्वस्त: आठ एन्कोडर, त्यांच्याभोवती दिवे, सोळा बटणं आणि एक साधा, मोटर नसलेला फेडर, म्हणजे सरकवायचा दांडा. पहिल्यांदाच कंट्रोलर घेणाऱ्याला मी सहसा याच वर्गातलं काहीतरी सुचवतो.

याउलट नोव्हेशनच्या लाँच कंट्रोल एक्सएलच्या जुन्या आवृत्त्या पाहा. चोवीस नॉब आणि त्यांना दिवेही आहेत. पण नॉब अडणारे आहेत, आणि दिव्याचा रंग नॉबची किंमत सांगत नाही. तिथे काहीतरी जोडलेलं आहे एवढंच सांगतो. वाईट यंत्र मुळीच नव्हे, कित्येकांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. पण छायाचित्रात दिवे दिसले म्हणून हे किंमत दाखवणारं यंत्र समजून घेणाऱ्याची निराशा होते. तिसऱ्या आवृत्तीत कंपनीने अडणारे नॉब काढून एन्कोडर आणि छोटा पडदा बसवला, यावरून काय ते समजा.

दिव्यांचा गोल कितपत अचूक असतो? साध्या मिडी निरोपात किंमत ० ते १२७ एवढीच असते, म्हणजे १२८ पायऱ्या. गोलात दिवे साधारण ११ ते १५. म्हणजे एका दिव्याच्या वाट्याला आठ ते बारा पायऱ्या येतात. 'मधोमध आहे', 'पाऊण उघडलाय' एवढं गोलावरून नक्की कळतं. 'उणे तीन डेसिबल' कळत नाही. आकडा हवा असेल तर पडदा हवा किंवा संगणकाकडे मान वळवायला हवी.

या १२८ पायऱ्यांचा हिशोब एकदा करून पाहावा. एखाद्या फिल्टरची टोकं २० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ धरली तर ती जवळपास दहा सप्तकं होतात. दहा सप्तकं १२७ टप्प्यांत वाटली तर प्रत्येक टप्पा साधारण एका अर्धस्वराएवढा पडतो, म्हणजे शुद्ध गंधारापासून शुद्ध मध्यमापर्यंतचं अंतर. फिल्टरचा अनुनाद वाढवून नॉब सावकाश फिरवला तर कानाला जिना चढल्यासारखं ऐकू येऊ शकतं. बरीच प्लगइन्स या पायऱ्या आतल्या आत घासूनपुसून गुळगुळीत करतात, सगळी नाहीत. एन्कोडर सापेक्ष निरोप पाठवत असेल, म्हणजे किंमत न सांगता नुसतं 'एक पाऊल पुढे' म्हणत असेल, तर पाऊल किती मोठं टाकायचं ते सॉफ्टवेअर ठरवतं आणि १२८ची अट निघून जाते. म्हणून यंत्राच्या माहितीपत्रकात 'सापेक्ष' किंवा 'रिलेटिव्ह' हा शब्द शोधा. या निरोपाच्या दोन-तीन बोली आहेत. कंट्रोलर आणि सॉफ्टवेअरची बोली जुळली नाही तर नॉब डावीकडे वळवल्यावर किंमत सरळ टोकाला जाऊन आदळते. यंत्र बिघडलंय असं समजून लोक ते परत करतात. खरं तर सेटिंगमधला एक पर्याय बदलला की काम होतं.

दिव्यांनंतरची पायरी म्हणजे नावं दाखवणारा पडदा. आठ नॉब आणि आठ पानं असली की चौथ्या पानावरचा तिसरा नॉब कशाचा हे कुणाच्याही लक्षात राहत नाही. नॉबखाली कागदी चिकटपट्टी लावणं हा रामबाण उपाय आहे, पण तो एकाच पानापुरता. जर्मनीतल्या फेडरफॉक्सचा ईसी४ याच गरजेतून आलाय: सोळा एन्कोडर आणि छोटा पडदा, त्यावर प्रत्येक नॉबचं तुम्ही दिलेलं आखूड नाव. एबलटनच्या पुश या कंट्रोलरमध्ये तर नावं भरायचीही गरज नाही. लाइव्हमध्ये जे प्लगइन निवडाल त्याचे आठ नॉब नावा-किमतीसह पडद्यावर आपोआप येतात. २०१३च्या पहिल्या पुशवर फक्त अक्षरं होती, २०१५च्या दुसऱ्यावर रंगीत पडदा आला, आणि २०२३चा तिसरा पुश संगणकाविनाही मिळतो. फक्त पुश घेणं म्हणजे एबलटनशी लग्न करणं, हे लक्षात ठेवून घ्यावा. दुसऱ्या सॉफ्टवेअरवर तो चालवता येतो, पण त्यासाठी लोकांनी लिहिलेल्या जोडण्यांवर विसंबावं लागतं. बिटविग आणि रीपर या सॉफ्टवेअरांसाठी 'ड्रिव्हनबायमॉस' ही अशी एक चांगली, मोफत मिळणारी जोडणी आहे.

नावांच्या पडद्यांत एक गंमत आहे, आणि मराठी माणसाला ती आधी माहीत असलेली बरी. मिक्सिंगच्या कंट्रोलरांत अजूनही मॅकी कंट्रोलची भाषा चालते. ती मॅकी आणि तेव्हा लॉजिक बनवणारी एमॅजिक या कंपन्यांनी मिळून २००२च्या सुमारास आणली, आणि आज जवळजवळ प्रत्येक मोठं सॉफ्टवेअर ती ओळखतं. त्या भाषेत पडदा दोन ओळींचा, प्रत्येक ओळीत ५६ अक्षरं आणि आठ ट्रॅक. म्हणजे ट्रॅकला सात जागा, त्यातलीही शेवटची बहुधा मोकळी सोडावी लागते. 'हार्मोनियम डावा' असं नाव तिथे मावणार नाहीच, पण मावायचा प्रश्न नंतरचा. त्या अक्षरसंचात देवनागरी मुळातच नाही. सॉफ्टवेअरमध्ये 'पखवाज' असं छान दिसणारं नाव कंट्रोलरच्या पडद्यावर रिकामी जागा किंवा चित्रविचित्र खुणा होऊन उतरतं. म्हणून ट्रॅकची नावं रोमन लिपीत आणि पहिल्या पाच-सहा अक्षरांत ओळख पटेल अशी ठेवा. डावा-उजवा ही खूण नावाच्या शेवटी न ठेवता सुरुवातीलाच घाला.

आता फेडर. मोटर लावलेला फेडर हा दृश्य प्रतिसादाचा जुना आणि माझ्या मते सर्वांत प्रामाणिक प्रकार. दिवा न लावता फेडर स्वतःच सरकून खऱ्या जागी जाऊन बसतो; तो डोळ्यांनाही कळतो आणि बोटांनाही. भजनाचं ध्वनिमुद्रण मिक्स करताना याची किंमत कळते. टाळ आणि पखवाज एका पातळीवर राहतात, पण बुवांचा आवाज ओळीच्या सुरुवातीला मोठा आणि शेवटी खाली येतो. ती पडती ओळ बोटाने उचलून धरायची, पुढच्या ओळीला सोडायची, हे काम माउसने होतं, पण कष्टाचं होतं. फेडरवर हात ठेवून गाणं ऐकत ऐकत ते एकदा करून टाकलं की दुसऱ्यांदा वाजवताना फेडर तुमच्या हालचाली स्वतः करून दाखवतो. चुकलेल्या जागी बोट ठेवलं की तेवढाच भाग नव्याने लिहिला जातो.

यासाठी फेडरला स्पर्श कळायला हवा. माहितीपत्रकात 'टच-सेन्सिटिव्ह' हा शब्द नसेल तर मोटर आणि तुमचं बोट यांच्यात ओढाताण होते. बोट फेडर वर नेतं, सॉफ्टवेअर जुनी जागा कळवून त्याला खाली ओढतं. स्पर्श कळला की मोटर सुटते आणि बोटाचं चालतं.

किती फेडर हवेत? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. घरच्या स्टुडिओत एकटा माणूस एका वेळी एकच ट्रॅक उचलत असतो. त्याला प्रेसोनसचा एका फेडरचा फेडरपोर्ट किंवा बेरिंगरचा एक्स-टच वन पुरतो. माउसने ट्रॅक निवडायचा, फेडर तिथे जाऊन बसतो. आठ फेडरांचं यंत्र टेबलाची अख्खी कड खातं आणि बहुतेकदा वेगळा वीजपुरवठा मागतं, कारण आठ मोटरी यूएसबीच्या विजेवर धड चालत नाहीत. कोरस, वाद्यवृंद, नाटकाचं थेट मिक्सिंग असं चार-चार ट्रॅक एकदम सरकवण्याचं काम रोजचं असेल, तर मात्र आठाला पर्याय नाही. तिथे बेरिंगरचा एक्स-टच आणि प्रेसोनसचा फेडरपोर्ट ८ यांच्यापासून ॲव्हिड एस१ आणि एसएसएलच्या यूएफ८पर्यंत पायऱ्या आहेत. कोकणपट्टीतल्या दमट हवेत आणि धुळीत मोटरीचे फेडर जपावे लागतात. काम संपलं की वर कापड टाका, आणि फेडरच्या खाचेत तेल सोडायचा मोह आवरा.

रंगीत पॅडचं, म्हणजे दाबायच्या चौकोनी बटणांचं, जग वेगळं. तिथे दिवा किंमत सांगत नाही, अवस्था सांगतो: कोणती क्लिप, म्हणजे गाण्याचा तुकडा, वाजतेय, कोणती रांगेत आहे, कोणता चौकोन रिकामा आहे. या विचाराचं टोक गाठलं ते २००६ साली आलेल्या मोनोमने. नुसत्या बटणांची जाळी आणि त्यांच्याखाली दिवे. बटण दाबल्याने दिवा लागतच नाही. दाबल्याची खबर संगणकाकडे जाते, आणि दिवा लावायचा की नाही हे संगणक ठरवतो. २००९मध्ये नोव्हेशनचा लाँचपॅड आणि अकाईचा एपीसी४० आले आणि एबलटनवर वाजवणाऱ्यांत ही जाळी घरोघर झाली. आजच्या लाँचपॅडवर रंग पाठवायची पद्धत गमतीची आहे. संगणक पॅडला एक स्वर वाजवल्याचा निरोप पाठवतो, आणि स्वर किती जोरात वाजवला या आकड्यावरून पॅडचा रंग ठरतो. एका चॅनेलवरून पाठवलं तर रंग स्थिर, दुसऱ्यावरून लुकलुकणारा, तिसऱ्यावरून श्वास घेतल्यासारखा मंद-तेज होणारा. स्वतः काही प्रयोग करायचे असतील तर एवढ्या माहितीवर सुरुवात करता येते.

मंचावर पॅड वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी दुकानातच पाहाव्यात. एक म्हणजे उजेड. दुपारच्या मांडवात किंवा समोरून मोठे दिवे मारलेले असताना पॅडचे फिके रंग दिसतच नाहीत. निळा आणि जांभळा एकच वाटतो. दुसरी म्हणजे तुमचे स्वतःचे डोळे. लाल-हिरवा भेद नीट न दिसणारे पुरुष आपल्या ओळखीत असतातच, कधी कधी त्यांना स्वतःलाही ते माहीत नसतं. अशांनी रंगावर न जाता लुकलुकण्यावर आणि तेजावर अवस्था ओळखता येते का ते पाहावं.

सॉफ्टवेअरच्या बाजूने काय करावं लागतं, ते आता थोडक्यात सांगतो, कारण 'दिवे लागत नाहीत' या तक्रारींतल्या बहुतेक इथेच सुटतात. एबलटन लाइव्हच्या मिडी सेटिंगमध्ये इनपुटच्या रांगेत 'रिमोट' सुरू केलं की नॉब चालू होतात. दिव्यांसाठी तोच 'रिमोट' आउटपुटच्या रांगेतही सुरू करावा लागतो. एफएल स्टुडिओत इनपुट आणि आउटपुटला एकच पोर्ट क्रमांक द्यावा लागतो, आणि दिव्यांसाठी बहुधा त्या यंत्राची पायथॉन स्क्रिप्ट लागते. क्यूबेसमध्ये २०२२च्या बाराव्या आवृत्तीपासून 'मिडी रिमोट' आहे. तिथे नवीन यंत्र नोंदवताना आउटपुट पोर्ट निवडायला विसरू नका. रीपरवाल्यांना 'रीअलर्न' नावाचं मोफत प्लगइन आहे. ते शिकायला एक रविवार जातो, पण कुठल्याही नॉबला कुठल्याही गोष्टीचा दिवा लावून देतं. लॉजिकमध्ये मॅकीची भाषा घरचीच आहे.

जुना पाच पिनांचा कंट्रोलर कुणी देत असेल तर एक हिशोब आधी करा. त्या केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. तीन बाइटचा एक निरोप जवळपास एक मिलिसेकंद घेतो. बत्तीस एन्कोडरांचे गोल एकदम बदलायचे तर तीसेक मिलिसेकंद गेले, आणि तेवढ्या वेळात दुसरं काही त्या वाटेने जाणार नाही. यूएसबीवर ही अडचण सहसा येत नाही. जुन्यांतलाच बेरिंगरचा बीसीआर२००० बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण बत्तीस एन्कोडर आणि प्रत्येकाभोवती दिवे या हिशोबाने तो अजूनही हातोहात जातो. वापरलेला घेताना प्रत्येक एन्कोडर सावकाश पूर्ण फिरवून पाहा. जीर्ण झालेला एन्कोडर पुढे जाताना मध्येच एखादं पाऊल मागे टाकतो, आणि ते दिव्यांच्या गोलावर ताबडतोब दिसतं.

मिडी २.० येऊन पक्कं होईपर्यंत थांबू का, असंही विचारतात. २०२०मध्ये ते जाहीर झालं. त्यात किमती ३२ बिटांच्या आहेत, आणि यंत्रं एकमेकांना 'तू कोण, तुझ्याकडे काय काय आहे' असं विचारू शकतात. चांगलंच आहे. पण त्यासाठी यंत्र, संगणक आणि सॉफ्टवेअर तिघांनी तयार असावं लागतं. आज काम करायचं असेल तर त्यासाठी थांबू नका.

आणि पैसे घालण्याआधी घरातल्या टॅबलेटवर हेक्झलरचं टचओएससी घालून पाहा. त्यातले फेडर आणि नॉब दोन्ही दिशांनी बोलतात. सॉफ्टवेअरमध्ये किंमत बदलली की काचेवरचा फेडर सरकतो. काच गुळगुळीत असल्याने बोटाला काहीच कळत नाही आणि नजर तिथेच अडकते, म्हणून मंचावर मी त्याच्या भरवशावर राहणार नाही. पण आपल्याला खरोखर किती नॉब लागतात, कोणती नावं पुन्हा पुन्हा पाहावी लागतात, आठ फेडर हवेत की एक, हे दोन-तीन आठवड्यांत त्यावर स्पष्ट होतं. वापरलेल्या नॉबांची यादी लिहून ठेवा. बहुतेकांची यादी दहा-बारावर थांबते. मग ती यादी, स्वतःचा लॅपटॉप आणि रोजच्या कामातली एक खरी फाइल घेऊन दुकानात जा, आणि दुकानदाराची रोषणाई संपली की माउस हातात घ्या. यंत्र ऑनलाइन मागवत असाल तर परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते आधी पाहा, आणि हीच परीक्षा खोकं उघडल्या दिवशीच उरका.